भरवता भरवता भूगोल

टिटवीने रसायनशास्त्र सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मी गोटीच्या ओठांना चमचा लावून उभी होते आणि गोटीने ओठ घट्ट मिटले होते. टिटवी म्हणजे माझी नणंद. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण बोलायला लागल्यापासून ती थांबलेलीच नाही, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. गोटी माझी मुलगी, तेव्हा दीड वर्षाची, आणि जेवायच्या वेळी तिचं तोंड काही केल्या उघडत नसे. एकीचं बंद होत नाही आणि दुसरीचं उघडत नाही, अशा दोघींच्या मधे माझे दिवस चालले होते.

“वहिनी, मी रसायन सोडतेय. त्याऐवजी भूगोल घेणार आहे.”

सहामाही परीक्षा होऊन गेलेली, वह्या अर्ध्या भरलेल्या. मी चमचा वाटीत ठेवला आणि सुचला तो पहिला प्रश्न विचारला, की दादाला सांगितलंस का. ती म्हणाली, तुला सांगितलं की दादाला सांगितल्यासारखंच आहे, मधे फक्त बोलणी गाळली जातात. म्हणजे या घरातली गाळणी मी.

सासू-सासरे राहतात त्या गावात वरच्या वर्गांची धड शाळा नाही, म्हणून टिटवी आमच्याकडे राहायला आली होती. तिचा डबा, तिचा ताप, तिचं उशिरा येणं, सगळं माझ्या अंगावर. मी स्वभावाने धास्तावलेली. गॅस बंद केला का हे बघायला मी उतरलेला जिना पुन्हा चढते. अशा बाईच्या घरात न खाणारं मूल आणि विषय बदलणारी नणंद एकाच वेळी असू नयेत.

कारण विचारायला लांब जावं लागलं नाही, ते गल्लीतच उभं होतं. आमच्याकडची गटारं नव्याने टाकायची होती आणि त्यासाठी एक मोजणीवाल्या बाई रोज सकाळी तिपाईवर दुर्बिणीसारखं यंत्र लावून उभ्या असायच्या. टिटवी शाळेत जाताना तिथे रेंगाळायची. एकदा त्यांनी तिला यंत्रातून बघू दिलं. त्या दिवशी ती शाळेत उशिरा पोचली आणि संध्याकाळी आम्हाला म्हणाली, बेकरीची पायरी आपल्या पायरीपेक्षा वीतभर खाली आहे, माहितीये का कुणाला? कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही इतकी वर्षं त्याच पायरीवर उभं राहून पाव घेत होतो. मोजणीच्या अभ्यासक्रमाला गणित आणि भूगोल लागतो, रसायन लागत नाही, हेही त्या बाईंनीच तिच्या कानावर घातलं होतं.

माझा नवरा रंगाच्या कारखान्यात छटा जुळवतो. गिऱ्हाइकाने आणलेल्या चिंधीवरून बादलीभर रंग तसाच्या तसा उतरवायचा, हे त्याचं काम. बहिणीला रसायन त्यानेच घ्यायला लावलं होतं. तो चिडला की ओरडत नाही, गप्प बसतो, आणि ते जास्त जड जातं. त्या संध्याकाळी तो गप्पच बसला. मग टिटवीने त्याला प्रयोगशाळेतलं सांगितलं. नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं आणि पाणी फिकट गुलाबी दिसलं की थांबायचं, एवढाच प्रयोग. सगळ्या वर्गाचं गुलाबी होतं, हिचं दर वेळी पुढे जाऊन गडद होतं.

“बोलत असशील,” तो शेवटी म्हणाला.

“हो,” ती म्हणाली.

गुलाबी न सापडणाऱ्या माणसाला रसायनात ठेवून उपयोग नाही, हे छटा जुळवणाऱ्याला वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. विषय तिथे मिटला. निदान घरातला.

शाळेत जायची वेळ आली तेव्हा त्याची कारखान्यात पाळी होती, म्हणून मी गेले, गोटीला कडेवर घेऊन. मुख्याध्यापिकाबाई शांत आवाजात अडचणीचं बोलतात. त्यांनी सांगितलं, की भूगोलाचा तास आणि गणिताचा तास एकाच वेळी असतो, गणित तर सोडता येणार नाही, तेव्हा ही मुलगी भूगोलाच्या वर्गात एक दिवसही बसू शकणार नाही. विषय बदलून मिळेल, पण घरी बसून, स्वतःचा स्वतः अभ्यास करून, वर्षाच्या शेवटी सगळ्यांबरोबर तोच पेपर द्यायचा. आणि त्यात नापास झाली तर एक विषय राहिला असं होत नाही, सगळं वर्ष पुन्हा करायचं. मग त्यांनी माझ्याकडे आणि कडेवरच्या गोटीकडे बघून विचारलं, तुम्ही हिच्या कोण? मी तोंड उघडायच्या आत टिटवी म्हणाली, “वहिनी आहे. पण काळजी दोन आयांएवढी करते.”

मी सही केली. रात्री सासूबाईंचा फोन आला. सासूबाई कधी आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, तुझ्या भरवशावर पाठवलीये, तू बघशीलच. पण वर्ष गेलं तर मात्र तिला इकडे आणून सोडा. एकच इयत्ता दोनदा करायला परक्या गावात राहायची काय गरज?

टिटवीला परत जायचं नव्हतं, आणि मलाही तिला पाठवायची नव्हती. घरात कुणीतरी सतत बोलत असलं की मला आतल्या आत काळजी करायला उसंत मिळत नाही. तिच्याशिवायच्या घराचा विचार केला की मला आधी शांतता ऐकू यायची.

पहिले काही आठवडे भूगोल नुसता टेबलावर पडून होता. पुस्तक जाड, शाळेच्या ग्रंथालयातलं, कडा झिजलेल्या. टिटवी ते उघडायची, अर्धं पान वाचायची आणि पाणी प्यायला उठायची. मी येता-जाता डोकावायचे. तिचं पान तेच असायचं, पाण्याची बाटली मात्र रिकामी. विचारावं तर अभ्यास करणाऱ्याला टोचल्यासारखं, न विचारावं तर सही माझी. शेजारच्या निवृत्त कारकूनकाकांनी सुचवलं, की शिकवणी लावा. भूगोलाची शिकवणी घेणारं कुणी मिळेना.

मग एका दुपारी माझी दाढ ठणकायला लागली. गोटीला टिटवीच्या हवाली करून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. जाताना बजावलं, की बटाटा कुस्करून ठेवलाय, दोन घास गेले तरी खूप, जबरदस्ती करू नकोस. परत आले तर गोटी तिच्या उंच खुर्चीत पाय हलवत बसलेली आणि वाटी चाटून-पुसून साफ. मी खुर्चीखाली बघितलं. केराच्या डब्यात बघितलं. टिटवीने हाताची घडी घालून माझा तपास पूर्ण होऊ दिला.

“पोटात आहे,” ती म्हणाली. “उघडून दाखवू का?”

झालं होतं असं, की गोष्ट सांगितल्याशिवाय गोटी तोंड उघडत नाही हे टिटवीला ठाऊक होतं, पण गोष्ट काही तिला सुचेना. समोर पुस्तक पडलेलं. मग तिने बटाट्याचा डोंगर केला, काट्याने त्याच्याभोवती एकावर एक गोल रेघा ओढल्या आणि सांगायला लागली: बघ हं, या रेघेवर सगळीकडे उंची सारखी, वरच्या रेघेवर त्याहून जास्त, रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की उतार सोपा, चल, आधी सोप्या उताराचा घास. समोच्च रेषांचा अख्खा धडा गोटीने गिळला.

त्या दिवसापासून भरवणं टिटवीकडे गेलं. सुरुवात नेहमी “बघ हं” अशी व्हायची, आणि थोड्याच दिवसांत असं झालं, की टिटवीने नुसतं “बघ हं” म्हटलं तरी गोटीचं तोंड आपोआप उघडायचं, समोर घास असो नसो. सकाळच्या दुधाला सागरी प्रवाह, गरम आणि थंड. सूपला ज्वालामुखी. भाताच्या ढिगावर चमचा ढगासारखा तरंगत यायचा, या बाजूला अडायचा आणि रिकामा होऊन पलीकडे जायचा. “डोंगराच्या अलीकडे सगळा पाऊस,” टिटवी सांगायची, “पलीकडे कोरडं. पलीकडे कोण बसलंय? बाबा. बाबांना काही नाही.” गोटी समाधानाने बाबांकडे बघत घास चावायची.

मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकायचे. मी अर्थशास्त्राची पदवीधर, नदीबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती वाहते. टिटवीकडून कळलं, की नदीलाही वय असतं. तरुण नदी तुझ्या आत्यासारखी, ती गोटीला सांगत होती, उड्या मारते, दगड फोडते, कुणाचं ऐकत नाही. मग ती मोठी होते, तुझ्या आईसारखी, सरळ जातच नाही, इकडे वळण घे, तिकडे वळण घे, या काठाचं काढ, त्या काठावर ठेव. आणि म्हातारी झाली की आजीसारखी. हळू चालते, आणि जन्मभर गोळा केलेला सगळा गाळ एका जागी टाकून बसते.

“हे पेपरात लिहू नकोस,” मी मागे न बघता म्हटलं.

“पेपरात आजीचं नाव नाही घालणार,” ती म्हणाली. “तुझं मात्र घालणार आहे.”

गोटीचं वजन वाढलं. पुस्तक पुढे सरकलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग परीक्षा जवळ आली म्हणून आम्ही दोघं, तिचा दादा आणि मी, तिला मदत करायला लागलो.

अभ्यासाला वातावरण लागतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं, मीही तशीच शिकले होते, दार लावून. त्याने आमच्या झोपायच्या खोलीत टेबल हलवलं. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. जुन्या चादरीचे गोल तुकडे कापून खुर्च्यांच्या पायांना चिकटवले. कुकर ती शाळेत असताना लावायचा असं ठरलं. आणि गोटीचं जेवण हा घरातला सगळ्यात मोठा व्यत्यय असल्यामुळे मी डबा भरून तिला बागेत न्यायला लागले. बाकावर बसवून भरवायचे. गोटी तोंड मिटून झाडांकडे बघायची. मी “बघ हं” म्हणून बघितलं. गोटीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगून आत शिरतेय. मला वाटलं, दात येत असतील. डॉक्टरांनाही तसंच वाटलं.

घर एवढं शांत झालं, की टिटवीने खोलीत पान उलटलं तर बाहेर ऐकू यायचं. पुढेपुढे तेही ऐकू येईना. ती बाहेर आली की कमी बोलायची. दादा म्हणाला, बघ, एकाग्रता आली. मला ते काही बरोबर वाटेना, पण माझ्या काळज्यांना घरात तशी किंमत कमीच, कारण त्या सतत असतात.

सराव परीक्षेचा पेपर भूगोलाच्या सरांनी तपासून दिला. वर्गात नसलेल्या मुलीचा पेपर तपासणं हे त्यांचं काम नव्हतं, तरी दिला. अर्ध्याहून जास्त पानं कोरी होती. जिथे लिहिलं होतं तिथेही दोन-तीन ओळींनंतर वाक्य सोडून दिलेलं. शेवटी सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, की विद्यार्थिनीने विषय अजून वाचलेला दिसत नाही.

दादा पेपर हातात धरून गप्प बसला. टिटवीही गप्प बसली. ती दोघं भावंडं आहेत हे मला त्या दिवशी चेहऱ्यांवरून कळलं. मग ती म्हणाली, की येतं मला, पण लिहायला बसलं की कागद नुसता पांढरा दिसतो, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. टिटवीने फक्त एवढं विचारलं, तिकडच्या शाळेत भूगोल तरी आहे का गं?

दुसऱ्या दिवशी बाहेर वारा सुटला होता, म्हणून बाग रद्द. मी गोटीला स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीत बसवलं आणि सूप पुढे घेऊन बसले. एक चमचाही जाईना. टिटवी पाणी प्यायला आली, पेला भरला, गोटीच्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, आणि काही विचार न करता माझ्या हातातला चमचा घेतला.

“बघ हं,” ती म्हणाली.

तोंड उघडलं.

“ही जमीन. वरून शांत दिसते ना? खाली शिलारस उकळतोय. त्याला वर यायचंय, पण वाट नाही. मग एक भेग सापडते...”

सराव परीक्षेचा पेपर फ्रीजवर तसाच पडला होता. मी तो उचलला. तिसरा प्रश्न, ज्वालामुखीचे प्रकार आकृतीसह सांगा, याच्याखाली तिने एक ओळ लिहून सोडून दिलं होतं. आता ती सगळं सांगत होती. शंकूसारखा कधी होतो, ढालीसारखा पसरट कधी होतो, राख कुठे जाते, जागा झालेला कोणता, झोपलेला कोणता, मेलेला कोणता. क्रमाने, एकही मुद्दा न सोडता. सूप संपलं तसा प्रश्न संपला. गोटीने ढेकर दिली.

मी पेपर तिच्यासमोर धरला. तिने वाचला, रिकाम्या वाटीकडे बघितलं, परत पेपर वाचला.

“वहिनी, मला गोटी लागते,” ती म्हणाली. एखाद्याला चष्मा लागतो तसं.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो खुर्चीच्या पायाचं चिकटवलेलं कापड नखाने उचकटत बसला. “म्हणजे आपण तिचा वर्गच बंद केला,” तो म्हणाला. “आणि वरून बिजागऱ्यांना तेल घातलं.”

टेबल परत स्वयंपाकघरात आलं, कुकर मनाला येईल तेव्हा शिट्टी करायला लागला आणि गोटी जेवायला लागली, पण नवी काळजी उभी राहिली, आणि ती मलाच आधी दिसली. परीक्षेच्या खोलीत गोटीला नेता येणार नव्हतं. बोलताही येणार नव्हतं. टिटवीला भूगोल यायचा तो कुणालातरी सांगताना यायचा, आणि पेपर लिहिताना समोर असतो तो बाक.

मग आम्ही तिला गोटीपासून हळूहळू सोडवायला लागलो, बाळाला बाटलीपासून सोडवतात तसं. आधी गोटी समोर खुर्चीत, टिटवी बोलणार आणि बोललेलंच लिहिणार. मग फक्त ओठ हलवणार, आवाज नाही. हे गोटीला मान्य नव्हतं, ती चमच्याने खुर्ची बडवायची. मग गोटीच्या जागी बाहुली ठेवून बघितली. टिटवी म्हणाली, हिला काहीच कळत नाहीये, तोंडावर दिसतंय. मग तिचा दादा बसला. त्याने पहिल्याच परिच्छेदाला विचारलं, हे असंच लिहायचं असतं का? तेव्हा त्याला विद्यार्थी म्हणून नालायक ठरवून उठवण्यात आलं. शेवटी मी बसले.

मी काही विचारलं नाही. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले, तेवढं मला येतं. टिटवी मधूनच मान वर करायची, माझ्याकडे बघायची, ओठांनी “बघ हं” म्हणायची आणि खाली बघून भराभर लिहायची. मला कळलं नाही असं तोंडावर दिसलं की ती तेच जरा सोपं करून परत लिहायची. म्हणजे गोटीच हवी असं नव्हतं. जे कळायला उत्सुक आहे आणि ज्याला अजून कळलेलं नाही, असं एक तोंड समोर लागत होतं. तिची पानं भरायला लागली. सरांनी दुसऱ्यांदा तपासलेल्या पेपरावर लाल शाई कमी होती आणि एका उत्तरापाशी समासात बारीक अक्षरात विचारलेलं, की नदीचं हे ‘काठाकाठाची काळजी करणं’ कुठल्या पुस्तकातलं?

परीक्षेच्या दिवशी मी दोन पेनं, पट्टी, पाण्याची बाटली आणि आणखी दोन पेनं दिली. दादा पाळीवर होता. गोटीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही बाबागाडीतून आली. शाळेत गेल्यावर कळलं, की बाहेरून बसणारे विद्यार्थी हॉलमध्ये नसतात, वेगळ्या खोलीत असतात, आणि यंदा असा विद्यार्थी एकच आहे. जिन्याखालची छोटी खोली, एक बाक, एक खुर्ची, आणि खुर्ची नेमकी बाकाच्या मागे, भिंतीला लावलेली. पर्यवेक्षक म्हणून खेळाच्या बाई आल्या. गळ्यात शिट्टी, हातात वर्तमानपत्र. मागे बसणार आणि वर्तमानपत्र वाचणार. मी दारातून टिटवीला खुणा करायला लागले, तोंड, समोर, खुर्ची. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्यांच्याकडे गेली.

“बाई, तुम्ही माझ्या समोर बसाल का?”

खेळाच्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ही विनंती ऐकली असावी. त्या म्हणाल्या, सगळी मुलं म्हणतात मागे बसा. तुला काय झालंय? टिटवी म्हणाली, मला समोर कुणी असलं की आठवतं. बाईंनी जरा विचार केला, खुर्ची उचलली आणि बाकासमोर आणून ठेवली. मग दार लागलं.

मी बाहेर पटांगणाच्या कडेला बाकावर बसले. गोटी बाबागाडीतून त्या बंद दाराकडे बघत होती. डब्यात बटाटा होता. मी तिच्यासमोर धरला, ती मान फिरवायची. मी तिला रागावले नाही. आत चाललेलं जेवण संपेपर्यंत तिलाही थांबायचं होतं, असं समजून आम्ही दोघी थांबलो.

घंटा झाली आणि दोघी बाहेर आल्या. टिटवीची बोटं शाईने निळी, केस विस्कटलेले. एक प्रश्न अर्धा राहिला, ती म्हणाली, वेळ पुरला नाही, मी जास्तच समजावत बसले. पास होशील का असं मी विचारलं नाही. तिने तरी सांगितलं, माहीत नाही.

खेळाच्या बाई उत्तरपत्रिकेचा गठ्ठा पोटाशी धरून माझ्याजवळ थांबल्या. वर्तमानपत्र घडी न मोडलेलं, तसंच काखेत. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ही मुलगी नेहमी अशीच लिहिते का?

मी घाबरून म्हटलं, काही बोलली का ती? तिला बजावलं होतं.

“बोलली नाही एक अक्षर. पण अशी बघायची माझ्याकडे. ओठ हलवायची, मग लिहायची, परत बघायची. मला मेलीला वाचताच येईना.” त्या थांबल्या, आजूबाजूला कुणी नाही ना बघितलं. “खरं सांगू? मधे एकदा मी तोंडच उघडलं. का ते मला अजून कळलेलं नाही.”

निकालाला बराच वेळ लागला. त्या काळात सासूबाईंचा फोन यायचा आणि भूगोल सोडून सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं. कपाटावरची टिटवीची रिकामी पेटी मी एकदा पुसायला म्हणून खाली काढली आणि लगेच परत वर ठेवली. गोटी रोज जेवत होती. पुस्तक ग्रंथालयात परत गेलं होतं, तेव्हा टिटवी तिला पाठ झालेलंच पुन्हा सांगायची, आणि गोटीची तक्रार नव्हती.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही चौघं गेलो. दादाने पाळी बदलून घेतली होती. शाळेच्या फलकावर वर्गवार मोठे कागद लावलेले, त्यांच्यापुढे ही गर्दी. बाहेरून बसणाऱ्यांचा कागद वेगळा, खालच्या कोपऱ्यात, एका टाचणीवर लटकत होता, आणि त्याच्यावर एकच ओळ होती. त्याच्यापुढे गर्दी नव्हती. टिटवी एकटीच तिथे जाऊन वाकून उभी राहिली.

ती पाठमोरी होती. एका ओळीला किती वेळ लागतो? दादाने माझा दंड घट्ट धरला. पुढे जाऊन बघायचं आम्हा दोघांनाही धैर्य होईना. तिची मान एकदा डावीकडून उजवीकडे गेली, परत डावीकडे आली, परत गेली. ती वळली तेव्हाही तोंडावर काही कळलं नाही, आणि आमच्याजवळ येऊन ती आमच्याशी बोलली नाही. जन्मापासून न थांबलेली मुलगी, भाऊ समोर, वहिनी समोर, आणि गप्प.

ती बाबागाडीपुढे उकिडवी बसली. गोटीचे दोन्ही पाय हातात धरले.

“बघ हं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “आत्या पास झाली. आणि रसायनातल्या गुलाबीच्या जवळपासही जायला लागलं नाही.”

दादाने माझा दंड सोडला आणि टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. तो गप्पच होता, पण या वेळी ते जड नव्हतं. मी डोळे पुसायला पदर शोधत होते, पण बघते तर गोटी तोंडाचा मोठा आ करून बसलेली, आत्याने “बघ हं” म्हटलं होतं, आणि घास काही येत नव्हता.

मी पिशवीत हात घातला. तळाशी एक बिस्किट सापडलं, मोडकं. मी ते टिटवीच्या बोटांत दिलं.